एका आशाताईच्या वाट्याची सात घरं : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय,

आशाताई घरोघरी फिरून तिशीपुढच्या माणसांचा आजारांच्या चाचपणीचा जो सीबॅक फॉर्म भरून घेतात, त्यात साठीपुढच्यांसाठी काही जादा प्रश्न आहेत. उभं राहताना तोल जातो का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, असे. त्यांतलाच एक : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?

हा प्रश्न ज्यानं कुणी फॉर्मात घातला, त्याचे आभार. सरकारी कागदावर डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू नेणारा मेंदूचा आजार, गावाच्या वेशीपर्यंत पोचला तो या एका ओळीमुळे. फक्त उत्तर द्यायचं असतं ज्याला आठवत नाही त्यानंच. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, हा प्रश्न विचारला तेव्हा त्या ठणकावून म्हणाल्या, "न्हाई. माझं समदं ध्यानात हाय." आशाताईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि त्यांनी 'हो'वर खूण केली. 'हो' आलं की वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवा, अशी सूचना आहे, त्याप्रमाणे पाठवलं. डॉक्टर भले होते. बाहेर लसीकरणाची रांग होती. "वयोमानानं होतं, ताई," असं म्हणून त्यांनी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या.

तिथं सरकारी वाट संपली. त्या 'हो'च्या पुढं काय, एवढंच विचारायला हे पत्र लिहिते आहे. सातारा जिल्ह्यात राहते, घरची थोडी शेती आहे, मालक साखर कारखान्यात आहेत. मला आकडेमोडीची सवय आहे, कारण लग्नाआधी मी पतसंस्थेत होते. तेव्हा आधी हिशेब.

देशातल्या ज्येष्ठांची 'लासी-डॅड' नावाची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढच्यांत 7.4 टक्के, म्हणजे भारतात सुमारे 88 लाख माणसांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. हा श्रीमंत शहरी म्हाताऱ्यांचा आजार आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. आता एका आशाताईकडे साधारण हजार लोकवस्ती असते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे शेकडा दहाच्या आसपास होते, आता जास्तच असतील. हजारात शंभर म्हातारी माणसं, शंभरात सात जणांना हा आजार. म्हणजे एका आशाताईच्या वाट्याला सात घरं.

सात घरं ही काही आवाक्याबाहेरची गोष्ट नाही. आमच्या आशाताईंना ती तोंडपाठ आहेत. आम्ही सांभाळणारेही त्यांच्याकडूनच एकमेकांना सापडलो. त्यांना विचारलं, तर कुठल्या घराला बाहेरून कडी असते, कुठली सून वर्षभरात माहेरी गेलेली नाही, कुणाच्या अंगणात मध्यरात्री दिवा लागतो, हे त्या फॉर्म न उघडता सांगतील.

आता आजाराबद्दल थोडं, कारण आपल्या खात्यातही बरेच जण याला विसरभोळेपणाच समजतात. विसरणं हा यातला सोपा भाग आहे. चष्मा कुठं ठेवला ते आत्या विसरत होत्या तेव्हा आम्ही हसत होतो. पुढं चहा कसा करायचा ते विसरल्या. आधी साखर की आधी पाणी, हा क्रमच गेला. मग आरशातली बाई त्यांना परकी वाटायला लागली, तिला त्या "बस की गं" म्हणायच्या. मग बांगड्या चोरीला जायला लागल्या, आणि चोर मी. दिवेलागण झाली की "मला घरला सोडा" सुरू होतं. ज्या घरात त्या सून म्हणून आल्या, पोरं वाढवली, वाटण्या बघितल्या, त्याच घरात उभं राहून त्या घर मागतात. डिमेन्शियाचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार ज्यांच्या नावानं ओळखला जातो, त्या आलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी जर्मनीत 1906 मध्ये ज्या बाईंची केस पहिल्यांदा मांडली, त्यांचीही सुरुवात संशयानंच झाली होती, नवऱ्यावरच्या. एकशेवीस वर्षं होत आली, तरी आमच्याकडे अजून देवऋषी अंगारा देतो आणि भावकी म्हणते, सुनेनं काहीतरी खायला घातलं असेल.

भावकीचं वेगळंच प्रकरण आहे. पाहुणे येतात, अर्धा तास बसतात. त्या अर्ध्या तासात आत्या अगदी व्यवस्थित असतात. कोण आलंय ते कळलेलं नसतं, पण "बरं हाय न्हवं? पोरं काय करत्यात?" एवढं इतक्या सफाईनं विचारतात, की पाहुणे पायरी उतरताना मला म्हणतात, "काही झालेलं नाही त्यांना, तुम्ही उगीच बाऊ करता." रात्री दोन वाजता येऊन बघा, असं मी कुणाला म्हणत नाही. म्हणायला पाहिजे.

आता सांभाळणाऱ्यांबद्दल. आम्ही काही जण महिन्यातून एकदा भेटतो, जमेल तसं. त्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. त्यांच्या पत्नीला संध्याकाळी माहेरी जायचं असतं आणि माहेरी आता कुणी नाही. सुरुवातीला ते समजावून सांगायचे, आई-वडील जाऊन तीस वर्षं झाली म्हणून. दर संध्याकाळी त्या माउलीला आई-वडील नव्यानं गेल्याचं कळायचं आणि दर संध्याकाळी रडारड व्हायची. एक दिवस त्यांनी माळ्यावरून तिकिटांची जुनी पेटी काढली. तिला ओसरीवरच्या बाकड्यावर बसवलं, पाटणचं तिकीट फाडून हातात दिलं आणि म्हणाले, "गाडी जरा लेट हाय, आली की सांगतो." ती तिकीट मुठीत धरून शांत बसली, तासाभरानं जेवली. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. वाद घालायचा नाही, भीती ओळखायची, हाताला काहीतरी द्यायचं, हे शास्त्र त्यांनी ओसरीवर बसून शोधून काढलं. बायकोच्या केसांना तेल लावून वेणी घालायलाही ते शिकले, आणि चारचौघांत सांगताना लाजत नाहीत.

आमच्यात एक मुलगी आहे, मुंबईची नोकरी सोडून वडिलांसाठी गावी आलेली. लग्नाचं विचारणारे आता विचारत नाहीत. आणखी एक सून आहे, तिच्या सासऱ्यांना कपड्यांचं भान राहत नाही. तिचं दुःख ती आम्हाला सांगते, घरात सांगू शकत नाही, कारण दीर म्हणतात, आमच्या बापाची बदनामी करते. केंद्राच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरातल्या माणसांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 134 मिनिटं त्या कामात घालवतात आणि पुरुष 76 मिनिटं. आमच्या गटात हा आकडा वाचून दाखवला तेव्हा हशा पिकला. 134 मिनिटं एका आंघोळीत आणि दोन जेवणांत जातात. उरलेले बावीस तास तुम्ही घरात आहात एवढंच असतं, पण असावंच लागतं. गॅसचं बटण, विहिरीचा काठ, गेटची कडी.

महोदय, यावर उपाय परदेशातून आणावा लागेल असं आपल्याला कुणी सांगितलं, तर त्यांना शेजारी गोव्याला पाठवा. तिथं 'संगत' ही संस्था आहे. तिथल्या डॉक्टरांनी दोन तालुक्यांतल्या 81 कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच, बारावीपर्यंत शिकलेल्या माणसांना थोडं प्रशिक्षण दिलं आणि सहा महिने पंधरवड्यातून निदान एकदा त्या घरी पाठवलं. आजार काय आहे ते सांगायचं, रात्री उठणं, संशय, आंघोळीला नकार यांना कसं तोंड द्यायचं ते दाखवायचं, सरकारी योजनांचे कागद करून द्यायचे, सांभाळणाऱ्यांना एकमेकांशी जोडायचं. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी. बस्स. महागडं मशीन नाही, नवी इमारत नाही. रुग्ण बरा झाला नाही, होणारही नव्हता. पण सांभाळणाऱ्याच्या मनावरचा ताण ठळकपणे उतरला, आणि तोच मोजायला ते गेले होते. रुग्णाबरोबर जी बाई जागते तिचीही तब्येत आरोग्य खात्यानं मोजायची असते, ही कल्पना आपल्या भाषेच्या, आपल्या हवेच्या मुलखात सिद्ध होऊन इतकी वर्षं पडून आहे.

आपल्याकडे आशाताई आहेत, सात घरं ठरलेली आहेत, फॉर्मात प्रश्नही आहे. मधला दुवा तेवढा नाही. फक्त कृपा करून त्यांच्या माथी आणखी एक रजिस्टर मारू नका. मानधनासाठी त्या आझाद मैदानात बसलेल्या सगळ्या महाराष्ट्रानं पाहिल्या आहेत. हे काम द्यायचं तर घरामागं वेगळे पैसे द्या, किंवा तालुक्याला चार माणसं केवळ यासाठी नेमा.

दुसरी गोष्ट प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांची. 'वयोमानानं होतं' हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं पाहिजे, कारण ते नेहमी खरं नसतं. ब-12 जीवनसत्त्व कमी असलं, थायरॉइड बिघडलं, मन खचलेलं असलं, तरी म्हातारी माणसं अशीच भांबावतात, आणि यांवर औषध असतं. आमच्या शेजारच्या वाडीत एक आजोबा बांधावरून पडले, वरून काही दिसलं नाही. काही आठवड्यांनी असंबद्ध बोलायला लागले. घरच्यांनी साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून दिलं होतं. थोरल्या नातीनं हट्टानं स्कॅन करून घेतला, तर मेंदूवर रक्त साचलेलं. ऑपरेशन झालं, आजोबा आता पुन्हा ग्रामपंचायतीच्या राजकारणात लक्ष घालतात, त्याबद्दल मात्र गावात दुमत आहे. दोन रक्ततपासण्या आणि डोक्याला मार लागला होता का हा एक प्रश्न, एवढं तरी प्रत्येक 'हो'च्या मागं सक्तीचं करा. बाकीच्यांना जिल्ह्याला पाठवायचं तर नेमका वार, नेमकी खोली, नेमका डॉक्टर असू दे. ज्या बाईला गर्दीत घाबरायला होतं तिला घेऊन आम्ही मेडिसिनकडून मानसोपचाराकडे आणि तिथून परत मेडिसिनकडे फिरतो. हा आजार कुणाचा, यावर दोन विभागांत चाललेली ही टोलवाटोलवी 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं खरं तर संपायला हवी होती. त्याच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती यांच्याबरोबर स्मरणशक्तीचा बिघाडही स्पष्ट लिहिलेला आहे.

पैशांचं बोलते. सत्तरीपुढच्या सगळ्यांना 2024 पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. चांगलंच आहे. पण ते दवाखान्यात भरती झालेल्यांसाठी, आणि आमचा रुग्ण भरती होत नाही, तो घरात फिरत असतो. खर्च डायपरचा, चादरींचा, बुडालेल्या रोजगाराचा. वयोश्री योजनेत राज्य सरकार तीन हजार रुपये एकदाच देतं, त्यातून कमोडची खुर्ची येते. आली, उपयोगी पडते, धन्यवाद. त्यानंतरची सात-आठ वर्षं? शहरात ब्युरोतून बाई ठेवायची तर महिन्याला वीस-पंचवीस हजार मोजतात, एवढा आमच्यातल्या बऱ्याच घरांचा पगारही नाही. केरळ सरकार अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला 'आश्वासकिरणम्' योजनेतून महिन्याला 600 रुपये देतं. सहाशे ही काही रक्कम नाही, मला मान्य आहे. पण ती रुग्णाच्या नव्हे, सांभाळणाऱ्याच्या नावानं निघते. बायकांच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला थेट पैसे टाकता येतात, हे आपल्याच सरकारनं 'लाडकी बहीण'मध्ये करून दाखवलं आहे. तेव्हा यंत्रणा नाही, असं आता कुणी सांगू नये.

तरी मला विचाराल तर पैशांच्या आधी वेळ द्या. आठवड्यातून दोन दिवस, दिवसाचे चार-पाच तास आत्यांना कुणीतरी नीट सांभाळेल अशी जागा. पुण्या-मुंबईत काही संस्था अशी दिवसाची केंद्रं चालवतात, केरळनं 2014 मध्ये राज्याचा म्हणून 'स्मृतिपथम्' उपक्रम सुरू केला. आमच्या तालुक्याला ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र आहे, कॅरम आहे, वर्तमानपत्रं आहेत, पण आमची माणसं तिथं कुणाला नको असतात, कारण ती खेळता खेळता उठून जातात. त्याच केंद्रात दोन प्रशिक्षित मावशी आणि एक बंद होणारं गेट एवढं पुरेल. त्या चार तासांत मी काय करीन? झोपीन. दाताच्या डॉक्टरकडे जाईन, एक दाढ वर्षभर ठणकते आहे. त्या मुंबईहून आलेल्या मुलीला स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचा आहे.

एक विषय आपल्या खात्याचा नाही, पण मंत्रिमंडळात शेजारी बसणाऱ्यांच्या कानावर घाला. आत्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन त्यांच्या खात्यात जमा होतं आणि त्यांना आता सही येत नाही. वेळीच कुलमुखत्यारपत्र का केलं नाही, असं बँकेत विचारतात. केलेलं असतं तरी काय? आपल्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी चालेनाशी झाली की मुखत्यारकीच संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस कागद करून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी तो कागद निकामी होतो. मग पालक म्हणून नेमणूक व्हावी यासाठी लोकांना थेट उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागतं. मुंबईला वकील देऊन हे करणं एखाद्या खातेदार शेतकऱ्याला परवडेल का? जिल्हा पातळीवर, ठरलेल्या मुदतीत हे व्हायला हवं, आणि जमीन लाटायला टपलेल्या पोरांपासून म्हाताऱ्यांचं संरक्षणही त्यातच हवं. दोन्ही धोके आम्ही गावात बघतो. अपंगत्वाच्या दाखल्याचंही तसंच, 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत डिमेन्शियाचं नाव नाही, 'मानसिक आजार' या सदरात बसवून घ्यावं लागतं, आणि बसवणारा डॉक्टर राजी असावा लागतो.

टाळता येतं का, असं बायका मला विचारतात. सगळं नाही. पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानं 2024 मध्ये अशी चौदा कारणं मांडली, की ती आवरली तर जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो. रक्तदाब, साखर, तंबाखू, ऐकू न येणं, न दिसणं, एकटेपणा, आणि लहानपणी शाळा न मिळणं. आत्या तिसरीत असताना धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिल्या त्या कायमच्या. त्यांच्या पिढीला शाळा देणं आता कुणाच्या हातात नाही, पण त्यांच्या कानातलं यंत्र आणि बीपीची गोळी आपल्या हातात आहे. उपकेंद्रात गोळ्या महिनाभर संपतात तेव्हा ते फक्त हृदयाचं नुकसान नसतं, एवढं आपल्या अधिकाऱ्यांना कळवावं.

21 सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यक्रम होतो, रॅली निघते, आणि मागे एकदा आमच्यापैकी काहींचा सत्कार करायचं ठरलं होतं, शाल-श्रीफळ देऊन. ज्यांचा सत्कार होता त्यांतलं कुणीच पोचलं नाही. घरी कुणाच्या हवाली करून येणार? संयोजकांना वाईट वाटलं, त्यांच्या मनात खोट नव्हती. आमचा मान ठेवायचा असेल तर तो असा ठेवा : आशाताईंच्या आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला आम्हाला शिकवायला बोलवा. त्या कंडक्टर काकांना अर्धा तास बोलू द्या. भरवताना ठसका लागू नये म्हणून मान कशी ठेवायची, रात्री तीनला दार वाजवणाऱ्या माणसाशी कुठल्या आवाजात बोलायचं, हे पुस्तकातून शिकलेल्यांपेक्षा आम्हाला जास्त येतं. मानधन द्या, प्रवासखर्च द्या, नावापुढं 'प्रशिक्षक' लिहा.

दरम्यान जे आहे तेही लोकांना माहीत नाही. ज्येष्ठांसाठी 14567 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलीमानसचा 14416, हे दोन्ही फोन फुकट आहेत, मराठीत बोलतात. निदान हे आकडे प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. त्याला अर्थसंकल्प लागत नाही, रंगाचा एक डबा लागतो.

या पत्रावर चर्चेला आम्हाला बोलवायचं आपण ठरवलंत, तर आधीच सांगून ठेवते. बैठक तालुक्यालाच ठेवा, मुंबईला आम्हाला जमणार नाही. वेळ सकाळी अकरानंतरची, आंघोळी उरकल्यावरची. आमच्यातल्या तिघांना माणूस बरोबर घेऊनच यावं लागेल, तेव्हा शेजारी एक खोली असू दे, शक्यतो तळमजल्यावर, आरसा नसलेली, आणि दाराशी बसायला एक समजूतदार बाई. चार वाजता आम्ही उठू, चर्चा अर्धी असली तरी, कारण दिवेलागणीच्या आत घरी पोचावं लागतं.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक सून
(आणि आमच्या आशाताईंच्या यादीतली बाकीची सहा घरं)